दादरच्या कोठीतले दोरे

आमच्या घरात संशय हा घरच्याच माणसासारखा राहायचा. माय दूधवाल्यावर संशय घ्यायची, आबा शाळेच्या शिपायावर, आणि फुई, म्हणजे आबांची थोरली बहीण, सगळ्यांवर. दूधवाला दूध घालायला लागला की फुई ओट्यावर बसून त्याच्या मापाकडे नाही, अंगठ्याकडे बघायची. अंगठा आत बुडवला की तेवढं दूध कमी बसतं, असं तिचं म्हणणं. मी याच घरात वाढले. म्हणून आजही भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली की मी घरी येऊन आधी टोमॅटो उलटेपालटे करून बघते. सून हसते. हसू दे. तिचं बालपण फुईच्या नजरेखाली गेलेलं नाही.

घर खांडबाऱ्याला होतं, स्टेशनच्या मागच्या अंगाला. मूळचे आम्ही कळसाडीचे. आबांना खांडबाऱ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा कपाशीचं शेत वाट्यानं देऊन आम्ही इकडे आलो. मागचं दार उघडलं की तारेचं कुंपण आणि पलीकडे सायडिंगचा रूळ. मेन लाइनवरून एक्सप्रेस गाड्या खांडबाऱ्याला ओळख न दाखवता निघून जायच्या. सायडिंगवर मात्र रेल्वेच्या दुरुस्तीच्या गाड्या येऊन महिनोन्‌महिने उभ्या असायच्या. खडीचे डबे, हातानं फिरवायची क्रेन, पाण्याची टाकी, आणि कामगारांच्या राहण्याचा डबा, ज्याला सगळे कॅम्पचा डबा म्हणत. त्याच्या खिडक्यांतून चुलीचा धूर निघायचा आणि बाहेर दोरीवर लुंग्या वाळत असायच्या. आबांचा धाकटा भाऊ उत्तमकाका रेल्वेत चावीवाला होता. सकाळी खांद्यावर हातोडा टाकून तो रुळांवरून चालत निघायचा आणि रूळ आवळून धरणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत परत यायचा. तो ठण ठण आवाज लांबून ऐकू आला की माय तवा चुलीवर ठेवायची.

फुईचे यजमान, आमचे फुवा, अशाच एका कॅम्पच्या डब्यात राहायचे. पुलांची कामं असायची. डबा जाईल तिकडे ते जायचे, आणि होळी-दिवाळीला घरी यायचे. बायकांना त्या डब्यात नेता येत नसे. पुढे ताप येऊन ते तिकडेच वारले आणि सोबतच्या माणसांनी त्यांची पत्र्याची पेटी फुईला आणून दिली. पेटीत कपडे होते, वस्तरा होता, आणि पितळी थाळ्या होत्या दोन. एकीवर फुवांचं नाव कोरलेलं. आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव टाकून घ्यायची रीत. बिननावाचं भांडं म्हणजे दुसऱ्याचं. दुसऱ्या थाळीवर नाव नव्हतं. एकट्या माणसाला दोन थाळ्या कशाला, हे फुईनं कधी कुणाला विचारलं नाही, पण तिच्या मनात काय आहे ते घरातल्या बायकांना माहीत होतं. मायनंच मला एकदा भाजी निवडताना हळूच सांगितलं, "तठे कोनी बाई व्हती, आसं तिले वाटस." दर दिवाळीला फुई पेटी उघडून दोन्ही थाळ्या चिंचेनं घासायची. नावाची सावकाश, बिननावाची जोरात.

अशा घरात इंदूकाकी लग्न होऊन आली. ती पुरुषोत्तमनगरची. तिचे वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचे आणि सुटीत घरीही डबे, चाळण्या, कंदील दुरुस्त करायचे. पाठीवर भाऊ नव्हता, म्हणून लहानपणापासून त्यांच्या हाताखाली तीच. पत्रा कापायचा, वाकवायचा, कथलाचा डाग द्यायचा, हे सगळं तिला येत होतं. लग्न ठरतानाच फुईनं नाक मुरडलं होतं, "पत्रा कापनारी बाई भाकर कशी थापी?" तर काकी भाकरी उत्तम थापायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला असा पापुद्रा यायचा की आबा एक जास्त मागून घ्यायचे. फुईला त्याचाच जास्त संशय आला. इतकी चांगली वागते म्हणजे काहीतरी पोटात आहे, असं ती धरून चालली.

आणि मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. आधी मायची हिंगाची डबी गेली. हिंग पुडीत बांधून फडताळात, डबी गायब. "डबीले पाय फुटनात का?" माय मलाच विचारायची, जणू मी ती खाल्ली. मग आबांची जुनी छत्री. ती शाळेत राहिली आणि शिपायानं लांबवली, असं आबांनी ठरवून टाकलं आणि त्या बिचाऱ्याशी पावसाळाभर तुटक बोलले. माझ्या वेणीच्या पिना जायच्या. फुईच्या केशतेलाचा रिकामा डबा, जो तिनं कशासाठी तरी जपून ठेवला होता, तोही गेला. देवापुढच्या कोयरीतलं कुंकू तर रोज बोटभर खाली जायचं. फुई ते बोटानं चाचपून बघायची आणि आमच्याकडे बघत म्हणायची, "घरमा उंदीर शे. दोन पायना."

दुपारी जेवणं झाली की सगळे आडवे व्हायचे. तेव्हा काकी धान्याच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. दादर निवडायला बसते, असं सांगायची. दादर म्हणजे आमच्याकडची टपोरी ज्वारी. तास-दोन तास निवडूनही सूप मात्र होतं तेवढंच. आतून कट कट असा बारीक आवाज यायचा आणि कधीकधी राळेचा वास. राळ आमच्याकडे भगत जाळतो, कुणाला झाडायचं असलं की. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा फुई चटईवर उठून बसली. "राळना वास ई ऱ्हायना," ती मला म्हणाली, "तुले उना का?" मला आला होता. माझ्याही मनात पाल चुकचुकली, पण मी नाही म्हणाले, कारण काकी मला आवडायची.

काकाचंही काही खरं दिसत नव्हतं. पूर्वी कामावरून आला की तो ओट्यावर बसून फुईशी गप्पा मारायचा. आता हातपाय धुतले की थेट काकीकडे जायचा, आणि खिशातून काहीतरी काढून तिच्या हातात द्यायचा. मी एकदा त्याला सायडिंगमध्ये क्रेनच्या चाकाशी वाकलेला पाहिला आणि कुंपणाकडून हाक मारली, तर तो दचकून उभा राहिला आणि मलाच रागावला. त्या दिवसांत सायडिंगमधलं काही लोखंड चोरीला गेलं होतं आणि काकाच्या गँगचा मुकादम येईल-जाईल त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. मी दोन अन् दोन चार केले. माझा काका चोर आहे, असं मला वाटायला लागलं, आणि ते कुणाला सांगावं हे कळेना. फुईनं तिचे दोन अन् दोन वेगळे मांडले होते. "मन्हा भाऊ बदली गया," ती मायला म्हणायची. "त्याले कोनी बांधी टाकं."

बाजाराच्या दिवशी फुई दळणासाठी दादर काढायला कोठीत हात घालून बसली होती. हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिथंच थांबला. तिनं बाहेर काढला तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा. झाकण उघडून तिनं तो जमिनीवर उपडा केला. आत दोरे होते. गोधडीचे जाड पांढरे दोरे, पुन्हा पुन्हा दुमडून बोटभर केलेले, आणि प्रत्येक जुडीला गाठ मारलेली. काही गाठींना कुंकू लावलेलं, काहींना हळद, काहींना काजळ. मी आयुष्यात खूप भीतिदायक गोष्टी पाहिल्या नाहीत, पण त्या जुड्या अजून डोळ्यांसमोर येतात.

"हात नका लावू कोनी," फुई म्हणाली. काकी दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. "इंदू, हाई काय शे?"

काकीनं दोऱ्यांकडे पाहिलं. "माप शे, आक्का."

"कसानं माप? मन्हा भाऊनं?"

माणसाला डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्यानं मापायचं, दोरा दुमडून गाठ मारायची आणि धान्यात पुरायची. मग तो माणूस मापणाऱ्याच्या मुठीत राहतो, असं आमच्याकडे मानत. काकीनं नाही म्हणून मान हलवली. फुईनं विचारलं, मायनं विचारलं. काकी नुसती उभी. फुईनं संध्याकाळी आबांना सांगून टाकलं, "हिना बापले बलाव. तुन्ही पोर घी जा, आसं सांग. नही ते मी भगतले बलावस."

भगताला बोलावणं म्हणजे काय, ते आज सांगितलं पाहिजे, कारण माझ्या नातवंडांना ते भुताच्या गोष्टीसारखं वाटतं. भगत येणार, दाणे टाकणार, आणि बोट दाखवणार. मग ती बाई डाकीण. मग तिच्या सावलीतून लोक लेकरं बाजूला घेणार, विहिरीवर तिच्यासाठी जागा रिकामी होणार, आणि गावात कुणाची म्हैस मेली तरी लोक तिच्या दाराशी येणार. माय शिकलेली नव्हती, पण हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं काकीला चुलीपाशी बसवून समजावलं. "काय शे ते सांगी टाक, इंदू. गावना तोंडमा एकदाव नाव पडनं का मंग पुसाई जात नही." काकी रडत होती. "मी सांगसू ते यास्नी नोकरी जाई, ताई," एवढंच ती म्हणाली. मी भिंतीआडून ऐकत होते. माझी तर खात्रीच झाली की काका लोखंड चोरतो. आबा शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर तळमळून सांगायचे. त्या संध्याकाळी काकीनं केलेले फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, त्यांना फार आवडायचे तसेच झाले होते, पण आबा म्हणाले, "आज भूक नही," आणि वर्तमानपत्र उघडून बसले. मला त्यांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकीचे वडील आले. मळकी टोपी, हातात पिशवी, आणि पिशवीत लेकीसाठी गूळ. गुळाचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून ते ती पिशवी मांडीवर धरूनच बसले. त्या दिवशी काकाही घरी होता. फुईनं तो डबा मधोमध ठेवला आणि सगळं सांगितलं. हिंगाच्या डबीपासून राळेच्या वासापर्यंत तिनं काही सोडलं नाही. काकीचे वडील ऐकत राहिले आणि मग लेकीला म्हणाले, "काय शे, पोरी?"

काकीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती काकाकडे बघत होती. "तुम्ही सांगतस का मी सांगू?"

काका जमिनीकडे बघत बसला. बाहेर कुठलीशी मालगाडी चालली होती. काकीनं गाडीचे डबे संपेपर्यंत वाट बघितली आणि मग ती उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपल्या माणसाकडून जे मिळेल असं वाटलं होतं ते नाही मिळालं की माणूस जसा दिसतो, तशी ती दिसत होती. ती धान्याच्या खोलीत गेली. आत पोती सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती एक लांब फळी दोन्ही हातांत धरून, आणि तिनं ती फळी आमच्यामध्ये जमिनीवर ठेवली.

फळीवर रूळ होते. छत्रीच्या काड्यांचे. खाली काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर, आणि स्लीपरखाली डिंकानं चिकटवलेली बारीक वाळू. रुळावर सायडिंग उभं होतं. सगळं सायडिंग, एकेक डबा तळहाताएवढा. खडीचे डबे होते, त्यांची खालची दारं उघडत होती. क्रेन होती, तिच्या खिळ्याचा दांडा फिरवला की दोरा वर यायचा. ट्रॉली होती, जिच्यावर साहेब बसतात आणि माणसं ढकलतात, आणि तिच्यावर काळी इवलीशी छत्रीही होती. पाण्याच्या टाकीवर अजून केशतेलाच्या डब्यावरच्या चित्रातली बाई केस सोडून हसत होती.

कुणी काही बोलायच्या आत मायचा हात पुढे गेला. "हाई ते मन्ही हिंगनी डबी," ती म्हणाली, क्रेनची खोली उचलून. ती तिनं हुंगूनही बघितली. आबा वाकले आणि रुळावरून बोट फिरवत म्हणाले, "नी हाई मन्ही छत्री." शिपायाची आठवण त्यांना झाली असावी, कारण त्यांनी बोट एकदम मागे घेतलं. माझ्या पिना कुठं गेल्या तेही मला दिसलं. डब्यांना डबे जोडणारे आकडे त्यांचेच होते. काकीच्या वडिलांनी खडीचा डबा डोळ्याजवळ नेला आणि ते म्हणाले, "डाग जाड पडना, पोरी. डाग देवाले इतली राळ नी इतलं कथील नही लागस." तिला घरातून हाकलायला बसलो होतो आम्ही, आणि तो माणूस डाग बघत होता. मला हसू आलं आणि रडूही.

"नी मन्हं कुकू?" फुईनं विचारलं. ती अजून जागची हलली नव्हती.

"चाकेसना मापले लायं, आक्का. हळद दारले, काजळ खिडकीले. नही ते गोंधळ व्हस." काकीनं कुंकवाची एक जुडी उचलली आणि खडीच्या डब्याच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत धरली. ती नेमकी बसली. खऱ्या डब्याला दोरा लावायचा, चाकापासून चाकापर्यंत, आणि तो दोरा अर्ध्यावर दुमडायचा, मग पुन्हा अर्ध्यावर. सहा घड्या झाल्या की उरेल तेवढं तिच्या गाडीचं माप. टेप नाही, पट्टी नाही. गोधडीचा दोरा तेवढा होता घरात.

मग काका बोलला. बोलायचं ते सगळं तिनं करून झाल्यावर. "मापे मी आनस, करस ती," तो म्हणाला. "मुकादमले कळनं ते तो म्हनी, लोखंडना चोर हाऊच शे. मीच तिले सांगेल व्हतं, कोनले बोलू नको." हे मी त्याला पुढे कितीतरी वर्षं माफ केलं नाही. माणूस चांगला होता, बायकोचा छंद पुरवण्यासाठी भर उन्हात चाकांशी वाकत होता, पण तिच्या नावाला काळिमा लागत असताना त्याला मुकादम आठवला. काकीनं त्याला माफ केलं की नाही, ते मी तिला विचारलं नाही.

विचारलं ते भलतंच. "काकी, एक्सप्रेस काबर नही कयी?"

"ती आठे थांबस का?" ती डोळे पुसत म्हणाली. "मापू कशी?"

परवा माझ्या नातवानं मोबाइलवर मला असली माणसं दाखवली. कुठल्या कुठल्या देशातली, घरात रूळ मांडून त्यांवर छोट्या गाड्या फिरवणारी. काहीजण तर विकतची गाडी घेतच नाहीत, दुरुस्तीचे डबे घरी पत्रा कापून करतात आणि त्याचं कौतुक होतं, बक्षिसं मिळतात. मी त्याला म्हटलं, आमच्या काकीला बक्षीस म्हणून भगत मिळणार होता.

फळीच्या टोकाला शेवटचा डबा उभा होता, लांबट, छपराचा. फुई इतका वेळ त्याच्याकडेच बघत होती. "हाऊ कसाना डबा?"

"कॅम्पना, आक्का," काका म्हणाला. "दाजी ऱ्हायेत, तसाच."

फुईनं तो उचलून मांडीवर घेतला. छप्पर निघतं हे काकीनं तिला दाखवलं. फुईनं छप्पर काढलं आणि आत पाहिलं. ज्या डब्यात तिला कधी पाऊल टाकू दिलं नाही, तो डबा. आत एकावर एक फळ्यांच्या झोपायच्या जागा होत्या, इतक्या अरुंद की कूस बदलायची तर जागं व्हायला लागावं. खिळ्याला चिंधीची पिशवी. कोपऱ्यात शेगडी. आणि प्रत्येक फळीखाली चमकीच्या दोन-दोन टिकल्या, एकीवर एक पालथी.

"ह्या काय शेत?"

"थाळ्या," काकी म्हणाली. "यास्नी सांगं तश्या ठेव्यात मी."

फुईनं काकाकडे पाहिलं. सबंध सकाळ तिचा आवाज चढलेला होता, आता तो जेमतेम ऐकू आला. "दोन काबर?"

"एक जेवानी, एक झाकानी," काका म्हणाला. काय विचारलं जातंय ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "भिंतीस्ले फटी ऱ्हातस, खडीनी धूळ उडस. झाकं नही ते दातमा खडी येस. समदास्कडे दोन ऱ्हातस, आक्का."

"मंग दुसरीवर नाव काबर नही?"

"झाकानी थाळीवर नाव कोन टाकस?"

मायनं तोंडाला पदर लावला. फुईनं छप्पर परत बसवलं, नीट बसलं का ते बोटानं चाचपलं, आणि डबा रुळावर ठेवून दिला. मग ती आत गेली. पेटीची कडी काढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि तिला हाक मारायला कुणी उठलं नाही. एवढी वर्षं ती एका मेलेल्या माणसाशी भांडत होती आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

काकीचे वडील जेवून एकटेच परत गेले. गूळ राहिला. त्यांना बसस्टँडवर पोचवून काकी आणि काका परत आले तेव्हा आमची जेवणं उरकली होती. फुई चुलीपाशी बसली होती. तिच्यासमोर काकीचं पान वाढून ठेवलेलं होतं, फुवांचं नाव कोरलेल्या थाळीत, आणि त्याच्यावर दुसरी, बिननावाची थाळी पालथी घातलेली होती.

काकी दारातच थांबली.

"ये, बस," फुई म्हणाली. "झाकी ठेयेल शे. धूळ उडस."